केशवराव जेधे : प्रांतिक पक्षाच्या पुनर्घडणीचे एक चरित्र

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• केशवराव जेधे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• प्रांतिक पातळीवर राजकीय पक्षात सुधारणा कोणत्या मार्गांनी घडते, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• ‘ब्राह्मणेतर’, ‘बहुजन’ आणि ‘शेतकरी-कामगार’ या संज्ञांमागील विचारांतला फरक विशद करता येईल.
• चरित्रनायकाच्या कार्याचे व मर्यादांचे तटस्थपणे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्यातील स्वारगेटचा चौक केशवराव जेधे यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्यापैकी अनेक जण एस. टी.ने येता-जाता तेथून गेले असतील. चौकाला ज्यांचे नाव आहे त्या गृहस्थांनी नेमके काय केले, हे मात्र सर्वांना माहीत असतेच असे नाही. केशवरावांनी दीर्घकाळ मंत्रिपद भूषविले नाही की मोठा ग्रंथ लिहिला नाही. तरीही विसाव्या शतकातील महाराष्ट्राचे राजकारण समजून घ्यायचे, तर त्यांच्या चरित्राला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

राजकीय पक्षाची सुधारणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेता बदलणे, घटना दुरुस्त करणे किंवा नवा जाहीरनामा काढणे अशा गोष्टी येतात. त्यांच्याही मुळाशी असलेला एक प्रश्न आहे : पक्ष कोणाचा? पक्षाच्या समितीत कोण बसतो, उमेदवार कोण ठरवतो, सभेत कोणाची बोली ऐकू येते? १९२० ते १९५० या तीन दशकांत महाराष्ट्रातील काँग्रेसच्या संदर्भात हा प्रश्न तीव्रतेने विचारला गेला. केशवरावांनी तो आधी पक्षाच्या बाहेर उभे राहून विचारला, मग पक्षात शिरून विचारला आणि शेवटी पक्ष सोडून विचारला. एकाच माणसाच्या आयुष्यात हे तिन्ही मार्ग आलेले असल्यामुळे अभ्यासकाला हे चरित्र विशेष उपयोगी पडते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ घराणे आणि जडणघडण

केशव मारुतराव जेधे यांचा जन्म १८९६ साली पुण्यात झाला. भोर परिसरातील कारीचे जेधे देशमुख हे शिवकालापासून प्रसिद्ध असलेले घराणे. शिवाजी महाराजांच्या सहकाऱ्यांतील कान्होजी जेधे याच घराण्यातले. केशवरावांच्या काळी मात्र कुटुंबाचा चरितार्थ वतनावर अवलंबून नव्हता. पुण्यात पितळी भांड्यांच्या व्यवसायात कुटुंबाने जम बसविला होता. शहरातील व्यापारामुळे आलेले आर्थिक स्वातंत्र्य आणि ग्रामीण मराठा समाजाशी असलेले नात्यागोत्याचे संबंध अशी दुहेरी शिदोरी केशवरावांना मिळाली. नोकरी किंवा सरकारी मेहेरबानी यांच्यावर विसंबण्याची गरज नसलेला माणूसच त्या काळी प्रस्थापितांशी उघड वैर पत्करू शकत होता, ही बाब लक्षात ठेवावी.

थोरले बंधू बाबूराव जेधे हे सत्यशोधक चळवळीशी आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कार्याशी जोडलेले होते. शुक्रवार पेठेतील जेधे यांचा वाडा, म्हणजे पुढे ‘जेधे मॅन्शन’ म्हणून ओळखली गेलेली वास्तू, हे ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील केंद्र बनले. महात्मा फुले यांच्या विचारांचे संस्कार केशवरावांवर या घरातच झाले.

४.२.२ पहिला मार्ग : बाहेरून आघात

त्या काळच्या काँग्रेसचे स्वरूप आपण प्रथम पाहू. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. वार्षिक चार आणे वर्गणी भरणारा कोणीही प्रौढ सभासद होऊ शकेल, प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर असतील आणि खालपासून वरपर्यंत निवडणुकीने समित्या बनतील, अशी ही रचना होती. कागदावर तरी पक्षाचे दार शेतकऱ्याला उघडे झाले. प्रत्यक्षात महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसची सूत्रे पुण्यातील वकील, शिक्षक आणि संपादक यांच्या हाती राहिली. न. चिं. केळकर यांच्या नेतृत्वाखालील केसरी-गटाचा तिथे प्रभाव होता. घटना बदलली म्हणून पक्ष बदलतोच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरीकडे १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. भास्करराव जाधव यांच्यासारखे ब्राह्मणेतर नेते या कायदेमंडळात गेले आणि जाधवांना मंत्रिपदही मिळाले. सरकारच्या सहकार्याने शिक्षण आणि नोकऱ्या मिळवाव्यात, असा या ज्येष्ठांचा मार्ग होता. केशवराव आणि त्यांचे तरुण सहकारी दिनकरराव जवळकर यांनी वेगळे क्षेत्र निवडले. ते क्षेत्र म्हणजे पुण्याचा रस्ता.

१९२२ च्या सुमारास गणेशोत्सवात छत्रपती मेळा सुरू झाला. मेळ्यांची गाणी हे तोपर्यंत राष्ट्रीय पक्षाचे प्रचारसाधन होते. तेच साधन आता त्याच्यावर उलटले. भाषेच्या अभ्यासकाने या घटनेकडे बारकाईने पाहावे. सभा-संमेलनांतील संस्कृतप्रचुर मराठीपुढे पेठांतल्या, तालमीतल्या आणि जलशातल्या बोलीने आव्हान उभे केले. ती बोली अनेकदा बोचरी होती आणि कधी कधी तिने सभ्यतेची मर्यादाही ओलांडली. मात्र राजकीय भाषणाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तिने भर चौकात आणला.

१९२५ साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून केशवरावांनी महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. त्याच वर्षी जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे प्रकाशक केशवराव होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांच्यावर तीत अत्यंत कडक टीका होती. बदनामीचा खटला झाला आणि लेखक, प्रकाशक, प्रस्तावनाकार व मुद्रक यांना शिक्षा सुनावल्या गेल्या. १९२६ मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आरोपींची बाजू मांडली आणि सर्वांची निर्दोष मुक्तता झाली.

या आघाताने काय साधले? फुल्यांच्या विचारांचा वारसा सांगणारा तरुण वर्ग संघटित झाला. पण पक्ष बाहेरच्या टीकेने बदलला नाही, उलट तो अधिक बचावात्मक झाला. शिवाय या मार्गात एक धोका दडलेला होता. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे-जवळकर यांनी त्यात ब्राह्मणांना घेऊ नये, अशी अट पुढे केली. डॉ. आंबेडकरांनी ती अमान्य केली. विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या व्यक्तीला नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या काही वर्षांत केशवरावांचा स्वतःचा प्रवासही याच दिशेने झाला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. १९२० ची काँग्रेसची घटना आणि प्रत्यक्षातील प्रांतिक काँग्रेस यांत कोणते अंतर होते?
२. मेळ्यांच्या भाषेला राजकीय महत्त्व का आले?

४.२.३ दुसरा मार्ग : पक्षात प्रवेश

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्राह्मणेतर पक्षापुढे पेच निर्माण झाला. सरकारशी सहकार्य करून मिळालेल्या सवलती मूठभर सुशिक्षितांपर्यंतच पोहोचत होत्या. शेतसारा, कर्ज आणि घसरलेले धान्यभाव यांनी पिचलेल्या कुणब्याला मंत्रिपदाचा उपयोग नव्हता. शिवाय देशभर सविनय कायदेभंगाचे वारे वाहू लागले होते. सरकारच्या बाजूने उभे राहणे म्हणजे आपल्याच तरुणांपासून तुटणे, हे केशवरावांनी ओळखले. १९३० च्या चळवळीत त्यांनी उडी घेतली, कारावास पत्करला आणि ते काँग्रेसचे झाले.

या वळणावर त्यांना काकासाहेब गाडगीळ यांची साथ लाभली. गाडगीळ हेही १८९६ सालीच जन्मलेले, पुण्यात वकिली करणारे आणि जन्माने ब्राह्मण. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात दोन समाज एकमेकांच्या मिरवणुकांवर धावून जात होते, त्याच शहरात जेधे आणि गाडगीळ एकाच व्यासपीठावरून बोलू लागले. ‘जेधे-गाडगीळ’ ही जोडी महाराष्ट्राच्या राजकारणात रूढ झाली. दोघेही १९३४ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले.

केशवरावांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना हा प्रवेश शरणागती वाटला. त्यांचा आक्षेप अनाठायी नव्हता. ज्या पक्षावर आयुष्यभर टीका केली, त्याच्याच खुर्चीवर जाऊन बसल्याने पक्ष बदलेल की आपणच बदलू? या प्रश्नाचे उत्तर केशवरावांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या संघटनकार्यात अधिक स्पष्ट दिसते.

४.२.४ सभासदांची नोंदवही

पक्षसुधारणेचा सर्वांत कमी रंजक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सभासदनोंदणी. काँग्रेसच्या रचनेत चार आणे भरणारा सभासद गाव वा प्रभागाच्या समितीसाठी मत देई. त्यातून तालुका समिती, मग जिल्हा समिती, मग प्रांतिक समिती आणि शेवटी अखिल भारतीय समिती अशी साखळी होती. ज्या जिल्ह्यात सभासद अधिक, त्या जिल्ह्याचा आवाज वर अधिक. म्हणजे ज्याच्या हाती पावतीपुस्तक, त्याच्या हाती पक्ष. जोवर सभासद शहरात नोंदले जात होते, तोवर समित्या शहरी राहिल्या. पुणे, सातारा, अहमदनगर, सोलापूर, खानदेश या भागांतील खेड्यांत पावतीपुस्तके पोहोचली, तेव्हा समित्यांचा चेहरा बदलू लागला.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, तर स्वागताध्यक्षपदाची धुरा शंकरराव देव यांच्याकडे होती. तेथे शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला गेला. अधिवेशनासाठी खेड्याची निवड होणे ही प्रांतिक काँग्रेसचा भारकेंद्र सरकत असल्याची खूण होती. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढून ब्रिटिश हिंदुस्थानात ती सुमारे तीन कोटींवर गेली होती. ग्रामीण मतदाराला वगळून आता निवडणूक जिंकता येणार नव्हती. त्यामुळे सुधारणेची नैतिक मागणी आणि निवडणुकीची व्यावहारिक गरज एकत्र आल्या. पक्ष बदलतात ते बहुधा अशा संगमाच्या वेळी.

याच दशकाच्या उत्तरार्धात केशवराव महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या रस्त्यावर काँग्रेसविरोधी मेळा काढणारा तरुण दीड दशकाच्या आत त्याच पक्षाचा प्रांतिक प्रमुख होतो, ही घटना दोघांविषयी काही सांगते. माणूस बदलला होता आणि पक्षही.

या सुधारणेची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. सभासदसंख्येला महत्त्व आले, तशी संख्या फुगविण्याची प्रवृत्तीही आली. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यावर बनावट सभासदत्वाची तक्रार देशभर ऐकू येऊ लागली आणि गांधीजींनाही तिची चिंता वाटली. नोंदवही हे लोकशाहीचे साधन आहे, पण ती राखणारा प्रामाणिक असेल तरच.

४.२.५ तिसरा मार्ग : फुटून निघणे

१९४२ च्या लढ्यात ग्रामीण तरुणांनी मोठा वाटा उचलला. साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार हे त्याचे ठळक उदाहरण. युद्ध संपले, १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले आणि केशवराव घटना समितीचे सभासद झाले. वरवर पाहता इच्छित ते साध्य झाले होते. प्रत्यक्षात खेड्यातील कार्यकर्त्यांच्या मनात असंतोष साचत होता. तुरुंगात जाणारे बहुजन आणि निर्णय घेणारे मात्र जुनेच, अशी त्यांची भावना झाली. लेव्हीच्या रूपाने होणारी सक्तीची धान्यवसुली, कुळांचे प्रश्न आणि जीवनावश्यक वस्तूंची टंचाई यांनी त्या भावनेला धार आली. शंकरराव देव यांच्या प्रभावाखालील प्रांतिक नेतृत्व हे ऐकून घेत नाही, अशी तक्रार होती.

केशवराव आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने काँग्रेसच्या अंतर्गत शेतकरी-कामगारांचा एक संघ उभा राहिला. आरंभी हेतू पक्ष सोडण्याचा नव्हता, पक्षाला शेतकऱ्याकडे वळविण्याचा होता. १९४८ मध्ये काँग्रेसने पक्षांतर्गत संघटित गटांना मनाई केली. मग दोनच पर्याय उरले : गट विसर्जित करणे किंवा बाहेर पडणे. केशवराव आणि मोरे बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. सुरुवातीच्या चर्चांत सहभागी असलेले यशवंतराव चव्हाण मात्र काँग्रेसमध्येच राहिले. एकाच प्रश्नावर दोन प्रामाणिक माणसांनी परस्परविरुद्ध निर्णय घेतले, आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही निर्णय महत्त्वाचे ठरले.

नव्या पक्षापुढे लवकरच विचारसरणीचा प्रश्न आला. १९५० मध्ये मालेगावजवळील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादाचा पुरस्कार केला. मोरे यांचा कल त्या दिशेने होता. केशवरावांची घडण फुले आणि सत्यशोधक परंपरेतली, व्यवहार शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणींचा. वर्गलढ्याच्या काटेकोर परिभाषेत त्यांचे मन रमले नाही. पक्षात पुन्हा फूट पडली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अपेक्षित यश मिळाले नाही आणि १९५४ मध्ये केशवराव काँग्रेसमध्ये परतले.

४.२.६ अखेरचे पर्व

परतल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. मराठी भाषकांच्या एकत्रित राज्याचा प्रश्न पेटला होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवरावांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांसारख्या भिन्न मतांच्या पक्षांना एका बैठकीत बसविण्यासाठी सर्वांना जवळचा वाटेल असा अध्यक्ष हवा होता. जवळपास प्रत्येक छावणीत वावरलेले, प्रत्येकाशी भांडलेले आणि तरीही संबंध न तोडलेले केशवराव या जागी स्वाभाविक होते. टिळकांवरील टीकेमुळे ज्यांना न्यायालयात उभे राहावे लागले, त्यांनीच टिळकांच्या नावाच्या वास्तूत या बैठकीचे अध्यक्षपद भूषवावे, हा तीस वर्षांत झालेला बदल लक्षणीय आहे.

१९५७ साली ते बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, ते पाहायला ते नव्हते.

४.२.७ नावांचा प्रवास आणि मूल्यमापन

मित्रहो, भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण तीन नावांकडे पाहू. ‘ब्राह्मणेतर’ या समासात ‘इतर’ हे पद आहे. ज्यांना विरोध करायचा, त्यांच्यावरूनच आपली ओळख सांगणारे हे नाव आहे. आपण कोण नाही, एवढेच ते सांगते. ‘बहुजन’ हा शब्द महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० मध्ये राजकीय अर्थाने पुढे आणला. तो संख्येवर आणि समावेशावर उभा आहे, त्याला दुसऱ्याचा आधार लागत नाही. ‘शेतकरी-कामगार’ हे नाव जात बाजूला ठेवून श्रमाने माणसाची ओळख सांगते. केशवरावांच्या राजकारणाचा प्रवास नकाराकडून समावेशाकडे आणि समावेशाकडून कार्यक्रमाकडे असा झाला. तीन नावांत तो नेमका साठवला आहे.

मूल्यमापन करताना यशाचे मोजमाप पदांवरून करू नये. केशवरावांनी स्थापन केलेला पक्ष स्वबळावर सत्तेवर आला नाही. मात्र त्याच्या आव्हानामुळे काँग्रेसला ग्रामीण नेतृत्वाला जागा द्यावी लागली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सहकारी संस्था आणि १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा यांतून जे नवे नेतृत्व वर आले, त्याची नांगरट १९३० च्या दशकात झालेली होती.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ‘बहुजन’ या शब्दाचा विस्तार मोठा होता, पण सत्तेचा वाटा प्रामुख्याने मराठा-कुणबी समाजातील सधन थराला मिळाला. दलित, भटके, भूमिहीन आणि स्त्रिया यांना पक्षाच्या समित्यांत त्या प्रमाणात स्थान लाभले नाही. एका मक्तेदारीच्या जागी दुसरी येऊ शकते, हा धडा या इतिहासातून मिळतो. म्हणून पक्ष कोणाचा हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने विचारावा लागतो.

आपल्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत, कोणी सहकारी सोसायटीत, कोणी बचत गटात काम करीत असेल. आपल्या संस्थेची सभासदांची यादी एकदा काढून पाहा. त्यात कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत आणि सभेत प्रत्यक्ष कोण बोलते, याची नोंद करा. केशवरावांच्या चरित्राचा खरा अभ्यास तेथे सुरू होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१. सभासदनोंदणी आणि पक्षातील सत्ता यांचा संबंध स्पष्ट करा.
२. १९४८ मध्ये केशवरावांपुढे कोणते पर्याय होते?

४.३ सारांश

केशवराव जेधे (१८९६–१९५९) यांनी प्रांतिक काँग्रेसवर आधी बाहेरून टीका केली, १९३० नंतर पक्षात शिरून तिचा पाया ग्रामीण भागात विस्तारला आणि १९४८ मध्ये बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभारला. बाहेरच्या आघाताने प्रश्न चव्हाट्यावर आला, आतल्या कामाने रचना बदलली आणि फुटीने मूळ पक्षाला उरलेला बदल करणे भाग पडले. या प्रक्रियेत नेतृत्वाचा सामाजिक पाया रुंदावला, तरी समाजाच्या तळापर्यंत तो पोहोचला नाही.

४.४ सरावासाठी स्वाध्याय

१. केशवराव जेधे यांनी अवलंबिलेल्या पक्षसुधारणेच्या तीन मार्गांची तुलना करा.
२. ‘ब्राह्मणेतर’, ‘बहुजन’ आणि ‘शेतकरी-कामगार’ या संज्ञांची अर्थच्छटांसह चर्चा करा.
३. केशवरावांचा काँग्रेसप्रवेश ही शरणागती होती की व्यूहरचना? आपले मत सकारण लिहा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या सभासदत्वाचे निरीक्षण करून सुमारे ३०० शब्दांत टिपण तयार करा.